मदत हवी आहे : बाबांच्या .२२ रायफलीला माझ्या मापाचा दस्ता

एरंडवणे

नमस्कार. बाबांची .२२ ची ब्रनो मॉडेल टू रायफल यंदा मार्चमध्ये माझ्या परवान्यावर चढली. बाबा आता पंच्याहत्तरीचे आहेत, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी धड दिसत नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवानाधारक सत्तरीचा झाला की तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना करता येतो, त्यामुळे रायफल त्यांच्याच हातून माझ्याकडे आली. मला त्याचं फार मोल आहे.

अडचण मापाची आहे. बाबा सहा फूट, मी पाच फूट दोन इंच. दस्त्याची, म्हणजे रायफलीच्या लाकडी अंगाची लांबी चापापासून बटाच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) टोकापर्यंत पावणेचौदा इंच भरली. बट खांद्यात नीट बसवली की उजवा हात मुठीपर्यंत पोचताना कोपर ताणलेलं राहतं आणि चापावर बोटाचं पेर न येता नुसतं टोक येतं. चाप सरळ मागे येण्याऐवजी बाजूला ढकलला जातो. बालेवाडीला ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे चार कागद मारले, चारही कागदांवर झुबका, म्हणजे भोकांचा पुंजका, डावीकडे. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथे बोटाचा एवढा फरकसुद्धा लपत नाही.

दुसरी गोष्ट स्कोपची. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, उघड्या साइटवर मागची खाच आणि पुढची माशी एकदम स्पष्ट होत नाहीत, म्हणून चार पॉवरचा स्कोप बसवला. ब्रनोचा बोल्ट (गोळी भरायला उघडायची दांडी) उघडताना पार सरळ वर उभा राहतो, त्यामुळे स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच घ्याव्या लागल्या. दस्ता मात्र उघड्या साइटच्या हिशोबाने घडवलेला, गालाची जागा खाली. आता स्कोपमधून बघताना दस्त्याला माझी हनुवटी टेकते, गाल टेकत नाही. मान अधांतरी राहते आणि वीस गोळ्यांनंतर दुखायला लागते.

आत्तापर्यंत केलेलं एवढंच. ऑनलाइन एक रबरी पॅड मागवला, तो बटावर मोज्यासारखा चढतो. त्याने लांबी आणखी पाऊण इंच वाढली, परत पाठवला. ओळखीच्या सुताराला नुसता फोटो दाखवला, तर तो म्हणाला, “ताई, मागून दीड इंच उडवून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे.” मला ते करायचं नाही. या अक्रोडाच्या दस्त्यावर बाबांच्या गालाखाली तळहाताएवढा तुकतुकीत डाग पडला आहे. चाळीस वर्षांच्या घामाने आणि जवसाच्या तेलाने तिथलं लाकूड बाकीच्यापेक्षा गडद झालंय, रेषा दिसेनाशा झाल्यात. तो दस्ता जसाच्या तसा कापडात गुंडाळून ठेवायचा आणि माझ्यासाठी दुसरा करायचा, हे नक्की ठरलंय.

तर विचारायचं ते असं. दुसरा दस्ता लाकडाचाच करावा की दुसरं काही? लाकूड कोणतं? गालाची उंची कमी-जास्त होईल अशी सोय हाताने करता येते का? आणि बायपॉड (रायफलीखालचे दोन पाय), पट्टा, नवा स्कोप यांतलं आधी काय घ्यावं? सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आत बसवायचं आहे.

पाषाणकर

ताई, आधी काहीही विकत घेऊ नका. तुमचं माप अजून कोणाला माहीत नाही, तुम्हालासुद्धा नाही. पावणेचौदा हे रायफलीचं माप झालं.

कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या खळगीत टेकवायची आणि बोट चापावर येतं का बघायचं, हे सगळेच सांगतात. ते पहिल्या अंदाजापुरतं ठीक आहे. खरं माप असं निघतं. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. नेहमीचं जाकीट घाला. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल जिथे आपसूक टेकेल तिथे टेकवा, मान ढिली सोडा, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. एका बाजूला काळी चंद्रकोर दिसली तर डोळा मधोमध नाही. मान हलवून ती चंद्रकोर घालवायची नाही, दस्त्याचं माप बदलायचं.

उंचीसाठी पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून सुती फडक्याने दस्त्याला बांधा. चिकटपट्टी लाकडाला लावू नका, तेलाचा थर उचलून येतो. दहा-दहा वेळा करा, तीन वेगवेगळ्या दिवशी. थकलेल्या संध्याकाळचं माप आणि सकाळचं माप वेगळं येतं.

लांबीला हा उपाय नाही, कारण तुमचा दस्ता मुळातच लांब आहे. त्यासाठी साध्या पाइनच्या फळीतून मुठीचा आणि बटाचा नुसता आकार कापा, चापाच्या जागी एक खिळा ठोका. बारा इंचांपासून सुरू करा आणि मागे पाव-पाव इंचाच्या फळ्या लावत जा.

ऑस्टिनहून

मी इथे रुगर टेन-ट्वेंटीटू वापरतो. सेमी-ऑटो रिमफायर कार्बाइन, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी .२२ ची आखूड रायफल आहे, १९६४ पासून बाजारात. तिला नळीवरची एक पट्टी आणि एकच स्क्रू, तो काढला की यंत्र, म्हणजे नळी-बोल्टचा धातूचा भाग, हातात येतं आणि दहा मिनिटांत नवा स्टॉक (दस्ता) चढतो. म्हणून तिच्यासाठी दुकानांत रांगाच्या रांगा आहेत. ब्रनोचं तसं नाही हे मला ठाऊक आहे, पण या स्टॉकवाल्यांनी मापं कशी सोडवली आहेत ते तुम्हाला उपयोगी पडेल.

माझ्याकडे मॅगपुल हंटर आहे, प्लास्टिकचा. बटामागे चकत्या घालून लांबी साडेबारा ते साडेचौदा इंच होते. बायकोच्या रायफलीला बॉइड्सचा लॅमिनेटेड लाकडाचा आहे, पातळ थर चिकटवून केलेला, त्यात बटण दाबून गालाचा भाग वर येतो. ती तुमच्याच उंचीची आहे, तिला साडेबारा बसलं. यातून घ्यायचं ते हे की दस्ता मुद्दाम आखूड करायचा आणि चकत्यांनी वाढवायचा. आखूड दस्ता केव्हाही वाढवता येतो, लांब दस्ता कापावाच लागतो.

इथून पाठवू का असं विचारणार होतो, पण बंदुकीचे भाग आयात परवान्याशिवाय तुमच्याकडच्या कस्टममधून सुटत नाहीत. त्यामुळे तो मार्ग सोडा.

जुना परवाना

ताई, सुताराला फोटो दाखवलात हे ठीक केलंत. रायफल त्याच्याकडे ठेवू नका, एका रात्रीसाठीसुद्धा. बोल्ट काढून घेतला तरी उरलेलं शस्त्रच असतं. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या ताब्यात ते देणं हा गुन्हा आहे आणि त्यात सुतारही अडकतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये शस्त्रांच्या सुट्या भागांचाही समावेश आहे, आणि दुरुस्ती किंवा फेरफार करायलाही परवाना लागतो. म्हणून घडवायला सुतार चालेल, पण यंत्र दस्त्यात बसवण्याचं काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे, तुम्ही समोर बसून. आधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत एक लेखी अर्ज द्या की लाकडी दस्ता बदलते आहे, नळी, क्रमांक आणि बोल्ट यांना हात लागणार नाही. पोच घेऊन परवान्याच्या पुस्तकात ठेवा.

नळी कमी करण्याची कल्पना कोणी दिली तर तिथेच थांबवा, त्याला कायद्यात वेगळं कलम आहे. सायलेन्सरचं तर नावही काढू नका.

वखारवाला

लाकडाबद्दल मी सांगतो, आमचा पिढीजात धंदा आहे.

शिसव देखणी, पण जड. तुमची रायफल आत्ता तीन किलोच्या आसपास असेल, शिसवीने ती आणखी जड होईल. उभं राहून मारणार असाल तर खांदा बोलेल. साग टिकाऊ, पण तेलकट. त्यावर इपॉक्सी गोंद धरत नाही, आधी अ‍ॅसिटोनने पुसून लगेच लावावं लागतं. काश्मिरी अक्रोड सगळ्यांत चांगला, पण दस्त्याला लागेल एवढा जाड आणि वाळलेला ठोकळा मिळणं कठीण, आणि मिळाला तर तुमचं निम्मं बजेट तिथेच संपेल.

माझं मत शिवणीच्या लाकडाला. हलकी, कोरायला सोपी आणि हवामानाने फार कमी आवळते-फुगते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये विचारा, पण नुकती चिरलेली घेऊ नका. निदान दोन वर्षं सावलीत पडलेली हवी. ओलावा मोजायचं छोटं यंत्र बहुतेक वखारींत असतं, बारा टक्क्यांच्या वर दाखवलं तर तिथेच ठेवा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रेषा. दस्ता तुटतो तो मुठीपाशी, तिथे तो सर्वांत बारीक असतो. तिथे लाकडाच्या रेषा मुठीच्या दिशेनेच धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर रायफल एकदा जमिनीवर आपटली की दोन तुकडे. फळी घेताना पुठ्ठ्याचा साचा बरोबर न्या आणि रेषांवर ठेवून फिरवून बघा. फळी वाया गेली तरी चालेल, पण मुठीला रेषा सरळ मिळू द्या.

एरंडवणे

सगळ्यांचे मनापासून आभार. पाषाणकर काका, तुम्ही सांगितलंत तसं तीन दिवस केलं. बाबा खुर्चीत बसून आकडे लिहून घेत होते.

लांबी : जाकिटाशिवाय साडेबारा, जाकीट घालून सव्वाबारा. गालाची उंची : पहिल्या दिवशी सोळा मिमी, दुसऱ्या दिवशी एकोणीस, तिसऱ्या दिवशी परत एकोणीस. एकोणीसला डोळे उघडले की चित्र पूर्ण गोल, चंद्रकोर नाही, आणि मान खरंच मोकळी. रिकाम्या रायफलीवर हे जाणवतंय तर गोळी मारताना किती फरक पडेल असं वाटून गेलं. पुठ्ठा बांधून रेंजवर वीस गोळ्या मारल्या. झुबका अजून डावीकडेच आहे, कारण लांबी तीच आहे, पण तो लहान झाला.

शंका दोन. वखारवाले काका, शिवण मऊ आहे ना, मग स्क्रू आवळल्यावर दबणार नाही का? आणि स्कोप बदलावा का? यावर लिहिलंय की तो १०० यार्डांवर सेट केलेला आहे.

पाषाणकर

आकडे उत्तम आलेत. दोन्ही शंका बरोबर आहेत.

शिवण दबेल, म्हणून दोन्ही स्क्रूंभोवती धातूच्या छोट्या नळ्या बसवायच्या, इपॉक्सीने. यंत्र आणि खालची पट्टी त्या नळ्यांवर टेकतात, स्क्रूचा दाब लाकडावर येत नाही. स्क्रू मी टॉर्क पाना (किती आवळलं ते मोजणारा पाना) लावून दोन न्यूटन-मीटरवर ठेवतो. आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, पण दर वेळी तोच हवा. .२२ ला धक्का नगण्य असतो, तेव्हा हे सगळं ताकदीसाठी करायचं नाही. यंत्र दर गोळीला त्याच जागी बसलं पाहिजे, त्यासाठी करायचं.

नळी आणि दस्ता यांच्यामध्ये फट ठेवा. पुण्यात हे सोडून चालतच नाही. माझ्या जुन्या दस्त्यात मे महिन्यात शंभराची नोट घडी करून नळीखालून सरळ मागेपर्यंत सरकायची. जुलैत तीच नोट पुढच्या चार इंचांत अडकायची. लाकूड पावसाने फुगून नळीला उजवीकडून टेकत होतं आणि दर पावसाळ्यात माझा नेम सरकत होता. दोन वर्षं मी स्कोपला दोष देत बसलो. दीड मिमी फट ठेवा, आणि आतल्या खाचेलाही बाहेरच्याइतकंच तेल पाजा. बहुतेक जण बाहेरून चकचकीत करतात आणि आत कोरडं सोडतात, पाणी तिथूनच शिरतं.

स्कोप : सेंटरफायरचे (मोठ्या काडतुसांच्या रायफलींचे) स्कोप सहसा १०० यार्डांवर सेट असतात, रिमफायरचे (.२२ सारख्यांचे) सहसा ५० वर. तुमचा १०० चा आहे, त्यामुळे ५० मीटरवर डोळा थोडा सरकला तरी स्कोपमधला काटा टार्गेटवर सरकल्यासारखा दिसतो. पण एकोणीस मिमीवर तुमचा डोळा मधोमध येतोय, तेव्हा तो दोष पुष्कळ कमी होईल. आत्ता बदलू नका. पुढे घ्याल तेव्हा ५० यार्डांचा घ्या आणि रिंगा ११ मिमी डव्हटेलच्याच (यंत्रावरच्या खाचांत बसणाऱ्या) बघा. पिकॅटिनी या दुसऱ्या प्रकारच्या पट्टीच्या रिंगा तुमच्या यंत्रावर बसत नाहीत, दुकानदार बसतील म्हणाला तरी.

बायपॉड मुळीच नको. उभं राहून मारताना त्याचा उपयोग नाही, झोपून मारताना पट्ट्याने भागतं, आणि पुढचं वजन वाढेल. पट्टा घ्या, साधा चामड्याचा, दीड इंची. उरलेल्या पैशांच्या तीन-चार वेगवेगळ्या बनावटीच्या गोळ्या तुमच्या परवान्यावरच्या कोट्यात बसतील तशा घ्या. एकाच नळीतून एक गोळी झुबका करते आणि दुसरी पसरते. यावर खर्च केलेला पैसा स्टॉकपेक्षा जास्त दिसतो.

एरंडवणे

ठरलं. शिवणीची फळी मिळाली, छत्तीस इंच लांब, आठ रुंद, अडीच जाड, ओलावा साडेदहा टक्के. पुठ्ठ्याचा साचा घेऊन गेले होते. तीन फळ्या नाकारल्यावर चौथीत मुठीच्या रेषा हव्या तशा मिळाल्या. परवाना शाखेत अर्ज दिला, पोच मिळाली. सुतार बाहेरचा आकार बारा इंचांवर काढून देणार, मागे पाव इंचाच्या दोन चकत्या. यंत्राची खाच परवानाधारक कारागीर माझ्यासमोर कोरणार आहे, त्याने तीन सकाळी दिल्या आहेत. गालाचा भाग वेगळा तुकडा, दोन पितळी दांड्यांवर वर-खाली होणारा, बाजूने एका स्क्रूने आवळायचा. बायपॉड यादीतून काढला.

बाबांनी साचा हातात घेऊन खांद्याला लावून बघितला, त्यांना तो फारच आखूड झाला. मग पेन्सिलीने मुठीवर एक रेघ मारून म्हणाले, इथे दोन मिमी जास्त ठेव, घासताना कमी करता येईल. ती रेघ ठेवली आहे. दस्ता बसला की कागदांचे फोटो इथेच टाकते, आधीचे आणि नंतरचे.