बॅश: सुरुवातीला स्पेस देऊनही कमांड हिस्टरीत जातेय, मदत हवी आहे

कृष्णाकाठ
(नावं देवनागरीतच लिहितोय, फोनवर कीबोर्ड बदलायचा कंटाळा.)

उबुंटू २२.०४ (लिनक्स), बॅश ५.१ (टर्मिनलमध्ये कमांड घेणारं शेल). उबुंटूच्या बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचतं ती सेटिंग फाइल) हिस्टकंट्रोल, म्हणजे हिस्टरीत काय ठेवायचं ते ठरवणारं सेटिंग, मुळातच 'इग्नोरबोथ' असतं (इग्नोरस्पेस: स्पेसने सुरू होणारी ओळ वगळा; इग्नोरडूप्स: लागोपाठ तीच ओळ वगळा; हे दोन्ही), त्यामुळे आधी स्पेस दिली की ती ओळ हिस्टरीत जात नाही. टोकन, पासवर्ड असलेल्या कमांड मी नेहमी अशाच चालवतो.

अलीकडे झेडशेल या दुसऱ्या शेलसारखा प्रीएक्झेक हुक (प्रत्येक कमांड सुरू होण्याआधी आपला कोड चालवायची सोय) बॅशमध्ये आणणारी एक तयार स्क्रिप्ट बसवली. कमांडला किती वेळ लागला ते दिसावं आणि टॅबच्या शीर्षकात चालू कमांड यावी, एवढंच हवं होतं. ते झालं. पण तेव्हापासून स्पेसवाल्या ओळीही हिस्टरीत दिसतात. प्रॉम्प्ट-कमांडमध्ये (दर प्रॉम्प्टआधी आपोआप चालणारी कमांड) 'हिस्टरी -ए' (नव्या ओळी हिस्टरी फाइलमध्ये जोडा) असल्याने त्या लगेच फाइलमध्येही उतरतात. बॅशआरसीच्या तळाशी हिस्टकंट्रोल पुन्हा लिहून पाहिलं, फरक शून्य.

आणखी एक: एलएस किंवा पीडब्ल्यूडी चालवली की शीर्षकात त्याच्या आधीची कमांड येते. या दोन्ही मी हिस्टइग्नोरमध्ये (हिस्टरीत न ठेवायच्या कमांडची यादी) टाकल्या आहेत. संबंध आहे का?

चहाबिस्किट
प्रॉम्प्टवर हिस्टकंट्रोल एको करा, म्हणजे त्याची आताची किंमत छापा. काय दिसतं?

कृष्णाकाठ
'इग्नोरडूप्स'! मग मी तळाशी लिहिलेलं गेलं कुठे?

रूटवाला
संबंध आहे, दोन्हींचं मूळ एकच. बॅशला स्वतःचा प्रीएक्झेक नाही. अशा स्क्रिप्ट डीबग ट्रॅपवर (कमांड चालण्याआधी ठरलेला कोड चालवणारी बॅशची सोय) उभ्या असतात, आणि तो ट्रॅप ओळीसाठी नाही, ओळीतल्या प्रत्येक साध्या कमांडआधी चालतो. पाइपने जोडलेल्या तीन कमांड असतील तर त्याला एकेक तुकडाच दिसतो. मग अख्खी ओळ आणायची कुठून? बॅश कमांड चालवण्याआधीच ओळ हिस्टरीत टाकतं, म्हणून हुक सरळ 'हिस्टरी १', म्हणजे हिस्टरीतली शेवटची ओळ, विचारतो.

आता ओळ हिस्टरीत गेलीच नसेल तर हुकच्या हाती आधीची ओळ लागते. तुमच्या एलएसचं तेच होतंय. स्पेसच्या बाबतीत हा घोळ होऊ नये म्हणून स्क्रिप्ट इग्नोरस्पेसच काढून टाकते. इग्नोरडूप्स राहू देते, कारण तिथे आधीची ओळ आणि आताची ओळ सारखीच असते. आणि हे सगळं ती पहिल्या प्रॉम्प्टच्या वेळी करते, बॅशआरसी वाचून संपल्यावर. त्यामुळे तळाशी काहीही लिहा, शेवटचा शब्द तिचाच. गुपचूप असं करणं मला पटत नाही, पण तिचीही अडचण खरी आहे.

उपाय: प्रॉम्प्ट-कमांडमध्ये 'हिस्टरी -ए'च्या आधी तपासा, शेवटची नोंद स्पेसने सुरू होते का. होत असेल तर 'हिस्टरी -डी -१', म्हणजे शेवटची नोंद पुसा. उणे आकडा बॅश ५.० पासून चालतो. क्रम उलटा झाला तर ओळ फाइलमध्ये गेलेली असेल. हिस्टइग्नोर मात्र रिकामं करा, किंवा त्या कमांडपुरतं चुकीचं शीर्षक सहन करा.

गावठी_सिसॲडमिन
मुळात पासवर्ड कमांडलाइनवर द्यावाच का? कमांड चालू असेपर्यंत सर्व्हरवरच्या इतरांना तो पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी) दिसू शकतो. मायएसक्यूएलला (डेटाबेस) नुसतं -पी द्या, ते पासवर्ड स्वतः विचारतं.

कृष्णाकाठ
मान्य, पण काही जुन्या टूल्सना दुसरी सोयच नाही. रूटवाला, तपासणी टाकली, आता स्पेसवाल्या ओळी फाइलमध्ये जात नाहीत. आभार!

चहाबिस्किट
झेडशेलमध्ये ही भानगडच नाही. तिथे टाइप केलेली ओळ प्रीएक्झेकला थेट मिळते, ती हिस्टरीतून वगळली गेली असली तरी. शिवाय झेडशॲडहिस्टरी नावाचा वेगळा हुक आहे. त्यातून १ परत केला की ओळ साठवलीच जात नाही.

रूटवाला
एक राहिलंच. नोंद पुसली जाते ती कमांड संपल्यावर, आणि हुकने ओळ आधीच वाचलेली असते. त्याच हुकवर कमांड नोंदवणारं आणखी एखादं टूल बसवलं असेल, तर त्याच्याकडे पासवर्ड असेलच. आणि आधी फाइलमध्ये गेलेल्या ओळी तशाच आहेत. त्या एडिटरने काढा, पण त्याआधी बाकीचे टर्मिनल बंद करा. टोकन तर सरळ नवीनच घ्या.