मदत हवी आहे: चक्रीवादळाचा प्रयोग

मंडळी, नेरूळला आमच्या सोसायटीतल्या नववीच्या मुलीचं चक्रीवादळाचं प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडलंय. समुद्र साधारण २६.५ अंशांच्या वर तापला की भरपूर वाफ वर चढते, ढग होताना उष्णता सुटते, खालचा दाब आणखी उतरतो, भोवतालची हवा आत धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळते, इथवर समजावलं. पण पोरगी वस्ताद! म्हणे, निसर्ग चक्रीवादळ जून २०२० मध्ये आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात वादळं इतकी कमी का? कारण असं की, त्या महिन्यांत खालचे वारे नैऋत्येकडून आणि वरचे पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे वादळाचा खांब तिरका होऊन मोडतो. हे टेबलावर कसं दाखवायचं? बादलीतला भोवरा चालणार नाही, त्यात पाणी खाली जातं, इथे हवा वर जाते. घरच्या सामानात होईल असं सुचवा, शनिवारी द्यायचंय.