ग्लेझ्ड टेराकोटा अल्टरपीस: मराठीत काय म्हणायचं?

खडूफळा: इटलीतल्या ला व्हेर्नाच्या मठावरचा लेख मराठीत आणतेय. तिथे आंद्रेआ देल्ला रोब्बिया या शिल्पकाराचं १४७९च्या सुमाराचं ग्लेझ्ड टेराकोटाचं अल्टरपीस, म्हणजे चर्चच्या वेदीमागे लावतात ते चित्र किंवा शिल्प, आहे, बाळ येशू गवतावर निजलाय, मरिया गुडघे टेकून हात जोडून, वर देवदूत, आकृत्या पांढऱ्याशुभ्र आणि मागे निळं. मी 'चकाकत्या भाजक्या मातीचे वेदीचित्र' लिहिलं तर संपादक म्हणाले कौलांची जाहिरात वाटते. काय करू?

उनाडटप्पू: वेदी म्हटलं की मला होमाचा धूर दिसतो. शिवाय हे चित्र कुठे, उठावाचं काम आहे ना? सरळ प्रभावळ म्हणा.

खडूफळा: प्रभावळीपुढे मूर्ती असते हो, इथे मागचं तेच मुख्य.

वसईचा_पाव्हणा: आमच्या चर्चमध्ये वेदीच म्हणतात, दर रविवारी ऐकतो, धूर दिसला नाही अजून 😄 नेटिव्हिटीला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला, मात्र 'गोठा' लिहा, नाताळात आम्ही गोठाच करतो.

ऱ्हस्वदीर्घ: अहो त्यात ना बैल ना गाढव, बाळ उघड्या गवतावर, गव्हाणसुद्धा नाही! 'बाळ येशूचे पूजन' लिहा. आणि टेराकोटाला मृण्मय हा चांगला शब्द असताना परकीय कशाला?

उनाडटप्पू: मृण्मय म्हणजे नुसतं मातीचं, त्यात भाजलं कुठे? इटालियनमध्ये टेराकोटा म्हणजे भाजलेली मातीच, राहू दे की तसाच. आपण 'बरणी'ला नाही विचारत पासपोर्ट.

ऱ्हस्वदीर्घ: ग्लेझला तरी झिलई म्हणाल ना?

तांब्याभांडं: आमचे आजोबा जिल्हई म्हणायचे, शब्द मूळचा अरबी. पण माझं मत कल्हईला. आंद्रेआचा काका लुका, त्याने या झिलईत कथलाचं ऑक्साइड घातलं म्हणून तर ती दुधासारखी पांढरी, आरपार न दिसणारी. आणि अरबी कलई म्हणजे कथीलच!

ऱ्हस्वदीर्घ: झिलई काय, जिल्हई काय, दोन्ही अरबीच निघाले म्हणजे, मीच फसलो. पण कल्हई नको, ती तापल्या भांड्यावर कथील फिरवून होते, हे आधी भाजून मग लेप देऊन परत भट्टीत घालतात.

वसईचा_पाव्हणा: कल्हईवाला आला की आम्ही पोरं भाता हलवायला भांडायचो, तो पांढरा धूर नाकात जायचा आणि पातेलं एकदम आरशासारखं. राळ टाकायचा ना तो?

खडूफळा: लेख उद्या द्यायचाय, वेदीचित्र चालेल का तेवढं सांगा कुणीतरी

तांब्याभांडं: राळ नाही हो, नवसागर! राळ डाग द्यायला, म्हणजे भांड्याचा सांधा जोडायला लागते.