काठी दुखऱ्या बाजूला नको
कुणीतरी लिहिलंय की सासऱ्यांचा उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्याच हातात दिली. आम्हीपण आईच्या बाबतीत हेच केलेलं, फिजिओने बघितल्या बघितल्या हात बदलायला लावला. दुखरा पाय उजवा तर काठी डाव्या हातात, आणि काठी नि दुखरा पाय एकदमच पुढे टाकायचे, आधी जरा विचित्र वाटतं पण चालताना आपला उलटा हात पुढे येतोच ना, तसंच. उंची म्हणाल तर चपला घालून हात सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, आमची चार बोटं उंच होती, आईचा खांदा नुसता कानाला लागायचा. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी नि दुखरा पाय. आणि आपल्याकडे गोव्यात पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तिथे काठीच सटकते, खालचं रबर गुळगुळीत झालं की लगेच बदला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर पावसात नेऊच नका बाबा. सोबत चालताना दुखऱ्या बाजूला, किंचित मागे राहा, काठीचा हात मात्र धरू नका. मी प्रेमाने तोच धरायचो आणि आई ओरडायची, "अरे सोड, पाडशील मला!"