ए३८० का बंद पडलं? एअरबस चुकली की बोइंग हुशार?

शेंद्रावाला: दुबईला एअरबसचं ए३८०, ते अवाढव्य दुमजली विमान, दिसलं की लोक अजून फोटो काढतात, पण ते बनणं कधीच थांबलंय. शेवटचं विमान डिसेंबर २०२१ मध्ये दुबईच्या एमिरेट्स कंपनीला गेलं. एकूण २५१. माझ्या मते एअरबसचा अंदाजच चुकला. त्यांना वाटलं, मोठी विमानतळं तुडुंब भरतील, म्हणून एकाच विमानात ५०० माणसं बसवा. बोइंगनं ओळखलं की माणसाला मध्ये कुठं उतरायचंच नसतं. त्यांच्या ७८७ ला दोन इंजिनं, वजनाचा निम्मा भाग कंपोझिटचा म्हणजे तंतू नि राळेच्या हलक्या मिश्रणाचा, नि ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून लंडन थेट. डेपोत एसटी बदलण्यापेक्षा गावातून निघणारी काळी-पिवळी बरी.

गोदाकाठ: काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही, तेही सांगा ना! हबची, म्हणजे एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायची कल्पना चुकली असती तर एमिरेट्सनं दुबईच्या जोरावर १२३ ए३८० चालवलीच नसती. घात केला चार इंजिनांनी. ए३८० २००७ ला सेवेत आलं, नि ७८७ ची जास्त काटकसरी इंजिनं चारच वर्षांत आली. त्यात पंख पुढच्या आणखी मोठ्या मॉडेलच्या हिशोबानं बांधलेला. ते मॉडेल आलंच नाही, फुकटचं वजन मात्र कायम वाहावं लागलं.

नांदेडकर: निम्मा माल एकाच गिऱ्हाइकानं उचलला, त्याला यश म्हणायलाव का? २०१९ ला एमिरेट्सनं ऑर्डरमधली ३९ विमानं कमी केली नि कारखान्याला कुलूप लावायचं ठरलं.

गोदाकाठ: बरं, मग बोइंगला मोठं विमान नको होतं तर ७७७एक्स कशाला काढलं? ४०० च्या वर माणसं बसतात त्यात. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७१.८ मीटर, म्हणून टोकं दुमडायची सोय केली. जमिनीवर आल्यावर ६४.८ मीटर होतात, म्हणजे नेहमीच्या गेटला गाडी लागते. ए३८० चा पंख जवळपास ८० मीटर, त्याच्यासाठी विमानतळांना खर्च करावा लागला. ही हुशारी मान्य. पण २०२० ला द्यायचं विमान आता २०२७ म्हणतायत.

शेंद्रावाला: उशिराबद्दल बोलायचं तर ७८७ पण तीन वर्षं रखडलं, नि २०१३ ला बॅटऱ्या तापल्या म्हणून जगभर जमिनीवर उभं राहिलं. अंमल ढिसाळ, कबूल. दिशा मात्र बरोबर होती. नाहीतर एअरबसनं दोन इंजिनांचं ए३५० काढलं असतं का?

लातूरची सून: तुमचं ‘थेट’ कुणासाठी हो? आम्ही अजून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठतो, नाहीतर हैदराबाद. रोज ३०० सीट भरणारं गाव असेल तरच ७८७ येणार. मधल्या शहरांना आशा असेल तर ए३२१एक्सएलआर या लहान पण लांब पल्ल्याच्या विमानाची. साधारण २०० माणसं, ८,७०० किलोमीटर. आणि ते बनवलं कुणी? एअरबसनंच!

नांदेडकर: कागदावर संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून लंडन बसतंय त्यात. पण रोज लंडनला जाणारी २०० माणसं दाखवा मराठवाड्यात.

शेंद्रावाला: लंडन राहू द्या. आठवड्यातून दोनदा दुबई सुरू झालं तरी खूप. ऑरिकमध्ये, म्हणजे संभाजीनगरच्या नव्या औद्योगिक शहरात, बाहेरचे पाहुणे येतात, इकडची पोरं आखातात आहेत. त्याला एक्सएलआर पण नको, साधं ए३२० पुरतं.

गोदाकाठ: आणि दुबईला उतरून पुढं लंडनला कशानं जाणार? ए३८० नंच ना? मग तुम्ही सकाळपासून माझ्याच बाजूनं बोलताय की!