अलिबागचं सिनेगॉग शनिवारी बघता येईल का?

पुढच्या वीकेंडला आईबाबांना घेऊन अलिबागला चाललेय. बाबांच्या लहानपणी शेजारी एक बेने इस्रायल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) कुटुंब होतं, नंतर ते लोक इस्राएलला गेले, तेव्हापासून बाबांना एकदा त्यांचं प्रार्थनास्थळ आतून बघायचंय. शनिवारी सकाळी मांडव्याला उतरून थेट गेलो तर चालेल का? दुसऱ्या धर्माच्या लोकांना आत सोडतात ना? फोटो?

↳ शनिवार अजिबात नको! शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो. कोकणात यांना शनवार तेली म्हणायचे ते त्यामुळेच, तेलाचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. रविवारी जा, आधी फोन करून. ओळखपत्र ठेवा सोबत, मुंबईत काळा घोड्याच्या निळ्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये (१८८४ चं आहे ते) आमच्याकडे मागितलं होतं.

↳ मी बेने इस्रायलच आहे, ताई बिनधास्त या, बाबांना नक्की आणा. अलिबागच्या सिनेगॉगचं नाव मागेन अबोथ, इस्राएल आळीत आहे, १८४८ चं, आत्ताची इमारत १९१० ची. आमची आजी त्याला मशीदच म्हणायची, जुन्या लोकांत तोच शब्द होता. काकांना टोपी किंवा रुमाल द्या डोक्यावर, आत डोकं झाकतात. पडद्यामागच्या कपाटात तोराच्या (आमच्या धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या असतात, तिथे हात लावू नका. फोटो विचारून काढा आणि कोणी प्रार्थना करत असेल तर प्लीज नकोच, आता तिथे मोजकीच घरं उरलीत, आमच्यासाठी ते म्युझियम नाहीये.

↳ नवगाव चुकवू नका!! जहाज फुटलं, सात पुरुष सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला असं ते मानतात, त्या किनाऱ्याजवळ जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे. मला तर सिनेगॉगपेक्षा तिथेच जास्त भरून आलं, कारण किहीमकर, रोहेकर, पेणकर ही आडनावं आपल्याच गावांची आहेत की. वेळ असेल तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला (लोणावळ्याचं नव्हे) प्रेषित एलियाहू हनाबीचा टापा, म्हणजे खडकावरची खूणपण बघा, त्यांचा रथ तिथे उतरला अशी श्रद्धा आहे, लोक नवस फेडायला मलिदा करतात.

↳ सगळ्यांचे खूप आभार, रविवारचं ठरवलं. बाबांना वाचून दाखवलं तर मलिदा म्हटल्यावर लगेच म्हणाले, गोड पोहे, खोबरं आणि वर फळं, शेजारच्या काकू ताट भरून पाठवायच्या. इतकी वर्षं नाव आठवत नव्हतं त्यांना.