मदत हवी आहे: बाळाच्या छातीच्या सोनोग्राफीत बारीक डाग दिसले तर अँटिबायोटिक द्यायचं का?

नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी एका ग्रामीण रुग्णालयात मी मेडिकल ऑफिसर आहे. संध्याकाळनंतर इथे एक्स-रे होत नाही, म्हणून रात्री येणाऱ्या बाळांसाठी छातीची सोनोग्राफी शिकून घेतली. मशीन पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखाली नोंदलेलं आहे, माझ्या नावासकट. ते खोलीबाहेर काढत नाही, बाळाला मांडीवर घेऊन आईलाच आत बसवते.

गेल्या आठवड्यात १४ महिन्यांचं बाळ आलं. श्वास मिनिटाला ५४ (या वयात ४० म्हणजेच जलद), बरगड्यांखाली खड्डा पडत होता. आई एकच सांगत होती, "पोट उडतंय". जेल तळहातावर चोळून कोमट केलं आणि लिनिअर प्रोब पाठीवर उजव्या खवाट्याखाली टेकवला. तिथलं फुफ्फुस यकृतासारखं भरीव दिसलं आणि त्यात पांढरे ठिपके श्वासाबरोबर पुढेमागे सरकत होते. न्यूमोनियाच. औषध लगेच सुरू केलं, बाळ आता घरी आहे.

अडचण दुसऱ्या प्रकारच्या बाळांची आहे. आत्ता वॉर्डात ८ महिन्यांची मुलगी आहे. आधी सर्दी, मग धाप, दोन्हीकडे छातीत शिट्टी वाजतेय. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना बी-लाइन्स (फुफ्फुसातली ओल दाखवणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा) आणि प्ल्यूराला, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाला, चिकटून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे दोन डाग. ब्राँकिओलायटिसमध्येही (विषाणूमुळे बारीक श्वासनलिका सुजतात त्यात) हे दिसतं, ठाऊक आहे. पण रात्री अकरा वाजता समोर बाळ धापत असलं की हात अमॉक्सिसिलिनकडे जातो. एक्स-रेत इतके बारीक डाग दिसलेच नसते. जास्त दिसतंय म्हणून मी जास्त अँटिबायोटिक देतेय का, हे मनातून जात नाही.

तुम्ही कसं ठरवता? शिवाय डावीकडे खाली प्लीहेला न्यूमोनिया समजून एकदा फसले होते; तेव्हापासून आधी डायफ्राम (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) शोधते. फसायच्या आणखी जागा असतील तर सांगा.

प्रतिसाद:
डॉक्टर, बऱ्याच अभ्यासांत १ सेंटिमीटर ही सीमा धरली आहे, पण मी नुसत्या मापावर औषध देत नाही. ऑक्सिजन किती? अंगावर पितेय का? दोन्हीकडे सारखेच बारीक डाग आणि शिट्टी असेल तर मी ठेवून घेते आणि सकाळी त्याच जागी पुन्हा प्रोब लावते. डाग एका बाजूला वाढला किंवा ताप चढला, तर अँटिबायोटिक सुरू करते. बाळ मलूल झालं तर मात्र सकाळची वाट बघू नका. पुढून वरच्या बाजूला थायमस ही छातीतली ग्रंथी सांभाळा, तान्ह्या बाळांत तो मोठा आणि भरीव दिसतो. आणि सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त होऊ नका. प्ल्यूरापर्यंत न पोचलेला न्यूमोनिया प्रोबला दिसतच नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. ऑक्सिजन ९६, ताप नाही, आत्ताच दहा मिनिटं दूध प्यायली. अँटिबायोटिक लिहिलेलं नाही. दर तासाला श्वास मोजतेय. सकाळी पुन्हा प्रोब लावून काय दिसतं ते इथे लिहिते.